पहिल्या बायकोचे मरण

देवकी गावस चौतीस वर्षांची झाली तोवर कारापूरच्या लोकांनी तिच्या लग्नाचा विषय सोडून दिला होता. ती गावच्या मराठी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची, भाऊ अनंत आणि वहिनी तारा यांच्या घरात राहायची आणि सुटीच्या दिवशी मागच्या खोलीतल्या जनेलापाशी, खिडकीतल्या उजेडात बसून गोष्टी लिहायची. पणजीच्या एका दैनिकाने रविवारच्या पुरवणीत तिच्या तीन गोष्टी छापल्या होत्या. अनंतने त्यातली पहिली वाचली आणि म्हणाला, अक्षर छान असणार तुझे, म्हणून घेतली असेल. ती छापून आली होती, तिथे अक्षराचा संबंध काय, हे देवकीने त्याला विचारले नाही.

तिसऱ्या गोष्टीनंतर, शहाऐंशीच्या गणेशचतुर्थीच्या सुमारास, कोल्हापूरच्या एका प्रकाशकाचे पत्र आले. वाचनालयांतून भाड्याने जाणाऱ्या कादंबऱ्यांची त्यांची मालिका होती. त्यांना प्रेमकथा हवी होती, पण रहस्याची. आधी चार पानांत कथाबीज पाठवा, त्यांनी लिहिले होते. नायिका कोण, नायक कोण, तिच्या जिवाला भीती कुणाकडून, आणि खुद्द नायकाचा संशय वाचकाला कुठवर येत राहणार, एवढे नीट जमले पाहिजे. बीज पटले तर पुस्तक तुमचे.

हे पत्र तिने घरात कुणाला दाखवले नाही. दाखवले ते कृष्णनाथला.

कृष्णनाथ मूळचा पेडण्याकडचा, कोरगावचा. डिचोलीजवळच्या एका खाणीवर तो टाइमकीपर होता आणि डिचोलीत एका खोलीत भाड्याने राहायचा. वय चाळिशीच्या आत-बाहेर, विधुर. खाणीवरची माणसे संध्याकाळी तांबड्या धुळीने माखून परतायची. हा मात्र आंघोळ करून, पांढरा सदरा घालून डिचोलीच्या वाचनालयात यायचा आणि देवकीने परत केलेले पुस्तकच मागून न्यायचा. वर्षभर हे चालले. मग एकदा त्याने पुस्तकात चिठ्ठी ठेवली, पान एकशे बारावर लेखकाने खुनी कोण ते स्वतःच सांगून टाकले आहे, तुम्हाला कळले का? देवकीला कळले होते. आपल्याला कळलेले दुसऱ्या कुणालातरी कळले आहे, ही गोष्ट तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती.

त्यानंतर ती दोघे वाचनालयाच्या मागच्या बाकावर बसू लागली. भाजीपाल्याचे, बसचे, शाळेचे बोलणे कोंकणीत व्हायचे. कादंबरीचा विषय निघाला की दोघेही नकळत मराठीत शिरायची. त्या मराठीत कृष्णनाथ वेगळाच माणूस वाटायचा, सावकाश बोलणारा, शब्द निवडणारा. देवकीचा त्या माणसावर जीव जडला.

पहिले बीज तिने लिहिले ते महाबळेश्वरच्या बंगल्याचे होते. त्यात एक परिचारिका होती, एक श्रीमंत जमीनदार होता. कृष्णनाथने ते वाचले आणि हसून विचारले, "महाबळेश्वर पाहिलेय तुम्ही?"

तिने पाहिले नव्हते.

मग पाहिलेले लिहा, तो म्हणाला. म्हणून तिने नायिका केली शाळामास्तरीण. नायक कोण असावा यावर आठवडाभर अडली आणि शेवटी, त्याच्याकडे न बघता म्हणाली की नायक विधुर असला तर रहस्याला जागा होते. पहिली बायको मेली कशी, हाच प्रश्न. बोलून गेल्यावर तिला लाज वाटली. समोर बसलेल्या माणसाच्या दुःखाचे आपण बीज करतो आहोत, असे वाटून तिने वही मिटली.

कृष्णनाथने ती पुन्हा उघडून तिच्यापुढे ठेवली. मग त्याने स्वतःहून सांगितले. कोरगावला खाडीच्या बांधावरून त्याची बायको रोज शेतात जायची. भरतीची वेळ होती, बांध शेवाळला होता. लोकांना आधी तिची एक चप्पल दिसली, मग पाण्यावर उलटी तरंगणारी वेताची पाटी. हा खाणीवरून पोचला तेव्हा तिला अंगणात आणून ठेवले होते आणि तिच्या मुठीत बांधावरचे गवत होते. बोटे उघडून ते काढावे लागले. सांगताना त्याचे डोळे भरून आले. देवकीचेही आले.

"लिहा," तो म्हणाला. "कुणाच्या तरी उपयोगी पडेल." आणि उठता उठता विचारले, "त्या नायिकेला तो विचारतो का? लग्नाचे?"

"ते चौथ्या पानावर."

"मग चौथ्या पानाची घाई करा."

अशी मागणी घातली गेली. देवकी त्या संध्याकाळी घरी चालत आली. बस समोर उभी होती, पण तिला बसवेना.

अनंतची संमती मिळायला वेळ लागला नाही, कारण त्याला वेळच नव्हता. तेव्हा गोव्यात भाषेचा वणवा पेटला होता. अनंत मराठीच्या बाजूने सभांना जायचा, घोषणा द्यायचा, घसा बसवून परत यायचा आणि बायकोला कोंकणीतून पेज मागायचा. डिसेंबरात रस्ते बंद झाले, बसवर दगड पडले, शाळा बंद राहिल्या. फेब्रुवारीत कायदा झाला आणि कोंकणी राजभाषा ठरली. मराठीलाही जागा ठेवली म्हणून कुणी समजूत काढली तर अनंत त्या माणसाशी बोलणे सोडायचा. अशा दिवसांत कृष्णनाथ घरी येऊन म्हणाला की आई अंथरुणाला खिळलेली आहे, जवळचे दुसरे कुणी नाही, तेव्हा मोठा घाट नको. आपली कुलदेवता सावंतवाडीकडे आहे, तिथल्या देवळात वैशाखात लग्न लावू, नोंदणीच्या सह्यांचे मागाहून बघू. अनंतला हे फारच पसंत पडले. महाराष्ट्राच्या भूमीत लग्न, तो म्हणाला, याहून बरे काय. ताराने मात्र पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता विचारले होते की आधी सह्या आणि मग देऊळ, अशी आपली रीत ना? तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. देवकीनेसुद्धा नाही.

बीज मात्र पुढे सरकत नव्हते. प्रेम जमले होते, भीती जमत नव्हती. प्रकाशकाचे वाक्य तिच्या डोक्यात होते, नायकाचा संशय वाचकाला येत राहिला पाहिजे. पण संशय यावा कशावरून? रक्ताचे डाग, कुलूपबंद खोली, टेलिफोनवर धमक्या, सगळे तिने लिहून पाहिले आणि खोडले. कारापूरच्या मास्तरणीला धमकी द्यायला टेलिफोन होता कुठे? तिला साधी, घरगुती गोष्ट हवी होती. नायक अगदी चांगला वागतो, फक्त एकच गोष्ट टाळत राहतो. इथला माणूस काय टाळेल?

मार्चमधल्या एका रविवारी जनेलापाशी बसून विचार करताना तिला ते सुचले. गोव्यात माणूस काहीही लपवेल, पण लग्न लपवू शकत नाही. पोर्तुगीज गेले तरी कायदा त्यांचाच राहिला. नोंदणीच्या कचेरीत जाऊन एकदा सह्या करायच्या, नावे फळ्यावर लागायची, कुणाची हरकत आहे का म्हणून वाट बघायची आणि मग पुन्हा सह्या. ज्याची पहिली बायको जिवंत आहे तो त्या फळ्यासमोर उभा राहूच शकत नाही. मग असा माणूस काय करील? तो म्हणेल, सह्या मागाहून. तो नवरीला हद्दीपलीकडे नेईल.

तिने भराभर लिहिले. आजवर सुचलेल्यात हे सर्वांत पक्के होते, हे तिला लिहितानाच कळत होते. अर्धे पान भरले आणि मग ती थांबली. सह्या मागाहून, हे शब्द तिने रचले नव्हते, ऐकले होते.

पण तिने लगेच त्यावर विश्वास ठेवला नाही. चौतिसाव्या वर्षी कोण ठेवील? दुसऱ्या दिवशी तिने ते पान कृष्णनाथला वाचायला दिले, जणू कादंबरीच आहे ती. त्याने वाचले. दुसऱ्यांदा वाचले. मग मराठीतच, शांतपणे म्हणाला, "हे काढा. कोल्हापूरच्या वाचक बाईला गोव्याचा कायदा काय ठाऊक?"

"समजावून सांगता येईल."

"आणि पहिली बायको जिवंत निघते, हे फार शिळे. ती मेलेलीच बरी."

बोलणे बरोबर होते. एखादा संपादकही तेच म्हणाला असता. पण देवकीने त्याच्या हाताकडे पाहिले. पान परत द्यायचे सोडून त्याने ते घडी घालून स्वतःच्या खिशात घातले होते आणि ते त्याच्या लक्षातही आले नव्हते.

शनिवारी शाळा सुटल्यावर म्हापशाला शिक्षकांची बैठक आहे असे घरी सांगून ती निघाली. म्हापशाहून पेडणे, पेडण्याहून कोरगाव. दुपार उतरत होती. काजूचा हंगाम होता. बसच्या खिडकीतून पिकल्या बोंडांचा आंबूस वास आत येत होता. थांब्यावरच्या दुकानदाराला तिने खाणीवरच्या कृष्णनाथचे घर विचारले. त्याने हात करून वाट दाखवली आणि म्हणाला, तो नसेल घरी, पण शेवंती असेल. शेवंती कोण, हे विचारायची गरज नव्हती. तरी तिने विचारले. त्याची बायको, दुकानदार म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवंती अंगणात बसली होती. समोर बोंडांचा ढीग, आणि ती एकेक बोंड पिळून बी वेगळी करत होती. वय देवकीएवढेच, हात डिंकाने काळे पडलेले. आतून म्हातारीचे कण्हणे येत होते. आई अंथरुणाला खिळलेली आहे, एवढे कृष्णनाथ खरे बोलला होता. देवकीने आपण मास्तरीण आहोत, पाणी मिळेल का, असे काहीतरी म्हटले. शेवंतीने पाणी दिले, गुळाचा खडा दिला आणि समोर बसून तिला नीट न्याहाळले.

"डिचोलेसून इलंस?" तिने विचारले. "तू ती."

देवकीने पेला खाली ठेवला. आपल्याबद्दल इथे माहीत आहे, हे तिला अपेक्षित नव्हते. शेवंतीला फारसे काही माहीत नव्हतेच. शिगम्याला, होळीच्या सणाला, नवरा आला तेव्हा त्याच्या नव्या सदऱ्यावरून आणि आरशापुढे उभे राहण्यावरून तिने ओळखले होते की डिचोलीत कुणीतरी आहे. तो वर्षातून दोनदा येतो, चवथीला आणि शिगम्याला, तिने सांगितले. दोन दिवस राहतो. म्हातारीला उठवणे, बसवणे, पुसणे सगळे हिच्याकडे. सोळाव्या वर्षी लग्न झाले, मूल झाले नाही. ती चिडून बोलत नव्हती. बी वेगळी करावी तसे एकेक वाक्य काढून ठेवत होती.

मग देवकीने तिला खरे सांगितले. तिथे तो विधुर म्हणून राहतो, हेही.

शेवंतीचे हात थांबले. "मी मेलंय म्हणान सांगता? कशान?"

"बुडून. बांधावरून पाय घसरून."

"त्या बांधार मी आज सकाळीच गेल्लंय." तिने हातातल्या बोंडाची बी काढून ढिगात टाकली. "दुसरी करूची आसा तर म्हाका सोडूची. मारूची कित्याक?" आणि मारायचे कशाला, याचे उत्तरही मग तिनेच दिले. सोडचिठ्ठी घेतली तर कायद्याने अर्धी बागायत हिची होते, ही काजूची झाडे, हे घर. मेलेल्या बायकोला काही द्यावे लागत नाही.

परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा शेवंती थांब्यापर्यंत आली. वाटेत तिने विचारले की मास्तरीण आणखी काय करते. देवकी म्हणाली, मी गोष्टी लिहिते, सध्या एका कादंबरीच्या मागे आहे. शेवंतीला त्याचे कौतुक वाटले. आपण चौथीपर्यंत मराठी शिकलो, ती म्हणाली, पण पोथीपलीकडे वाचायला काही हातात आले नाही.

सोमवारी देवकीने कृष्णनाथला वाचनालयाच्या बाकावर सगळे सांगितले. तिला वाटले होते तो नाकारील, किंवा पाया पडेल. त्याने दोहोंपैकी काहीच केले नाही. बराच वेळ तो स्वतःच्या नखांतल्या तांबड्या मातीकडे बघत राहिला.

"मी तुम्हाला फसवले नाही," तो म्हणाला. "एक गोष्ट रचली. तुम्ही रोज तेच करता."

"माझ्या गोष्टीतली माणसे खरी नसतात."

"मग ती लिहायला माझ्यापाशी का येत होतात?"

त्या प्रश्नाचा तिला पुढे महिनोन्महिने संताप आला, त्याच्यावर नव्हे, स्वतःवर. कृष्णनाथ उठला, नेहमीप्रमाणे तिने परत केलेले पुस्तक मागून घेतले आणि गेला. पंधरा दिवसांत त्याने खाण बदलली. सांग्याच्या बाजूला गेला असे कळले.

लग्न मोडले याचा दोष देवकीवर आला. बायको जिवंत आहे म्हटल्यावर अनंत आधी कृष्णनाथवर पेटला, पण दोन दिवसांनी त्याचा राग बहिणीवर वळला. तू कशाला गेलीस चौकशीला? घरात पुरुष नव्हता का? मी बघून घेतले असते. काय बघून घेतले असते, हे त्याने सांगितले नाही. गावात लोक म्हणाले, कादंबऱ्या वाचून वाचून बाईला सगळीकडे भानगडीच दिसतात. या वयात जे मिळाले ते डोळे मिटून घ्यायचे. ताराने त्या दिवसांत तिच्या ताटात न विचारता जास्त वाढले.

देवकीने बीज पुरे केले. त्यात पहिली बायको जिवंत होती. मास्तरीण तिला शोधून काढते, दोघी मिळून त्या माणसाला नोंदणीच्या फळ्यासमोर आणून उभे करतात. शेवटच्या पानावर बायको बांधावरून चालत घरी जाते. चार पाने तिने सुवाच्य अक्षरात उतरवून कोल्हापूरला पाठवली. लिहिलेले चांगले आहे, हे तिला ठाऊक होते. खरे आहे, हेही ठाऊक होते.

उत्तर मे महिन्याच्या शेवटी आले. प्रकाशकाने मनापासून लिहिले होते. बीज दमदार आहे, भाषा चांगली आहे, पुस्तक आम्ही करणार. फक्त काही फेरफार करावेत. नायक असा हलका निघाला तर वाचक भगिनी पुस्तक फेकून देतील; संशय त्याच्यावर यावा, पण तो निर्दोष सुटावा. कारस्थान त्याच्या एखाद्या चुलत्याचे दाखवता येईल. नोंदणीची भानगड काढावी, आमच्याकडे ती कुणाला कळणार नाही. गोव्याकडचे शब्द कमी करावेत. आणि मुख्य म्हणजे पहिली बायको मृत असावी. तिच्या मृत्यूचा एखादा हृदयद्रावक प्रसंग आरंभी घातलात तर फारच उत्तम.

त्या दिवशी गोवा राज्य झाले. साखळी गावाच्या बाजूने फटाके ऐकू येत होते. अनंत दार ओढून घरात बसला होता. हे राज्य आपले नव्हे म्हणत होता आणि तरी दर थोड्या वेळाने रेडिओ लावत होता. देवकी जनेलापाशी पत्र घेऊन बसली. नाही म्हणावे असे तिच्या मनात आले. मग तिने पुढचे सगळे आयुष्य मनात मांडून पाहिले. तिसरीचा वर्ग, आणि मराठी शाळा टिकली तर तोही, ही मागची खोली, अनंतचा बसलेला घसा, लोकांच्या नजरा. यात एक पुस्तक, स्वतःच्या नावाचे. ते नाकारण्याइतकी आपण मोठी नाही, हे तिला स्पष्ट दिसले, आणि ते दिसल्याचे दुःख झाले.

तिने कागद घेतला आणि पहिल्या बायकोला बुडवले. शेवाळलेला बांध, भरती, एक चप्पल, उलटी तरंगणारी पाटी, मुठीतले गवत. काही नवे शोधावे लागले नाही. कृष्णनाथने इतके चांगले रचून ठेवले होते की ते शब्दशः उतरवण्यासारखे होते. तासाभरात प्रसंग झाला. वाचून पाहिला तेव्हा तिचेच डोळे भरून आले, आणि तिला स्वतःची किळस आली. तरी तिने एक शब्दही बदलला नाही.

दिवाळीला पुस्तक निघाले. डिचोलीच्या वाचनालयात त्यासाठी नावे लावावी लागत. अनंतने पेढे आणले आणि ओळखीच्या लोकांना सांगितले की बहीण मराठीची सेवा करते. बुडण्याच्या प्रसंगावर बायका थांबून थांबून बोलायच्या. बिचारीच्या मुठीत गवत होते गे, असे कुणी तिला रस्त्यात अडवून सांगायचे, जणू देवकीला ते माहीत नव्हते. प्रकाशकाने दुसरे बीज मागितले.

पुढल्या एप्रिलात, एका शुक्रवारी, म्हापशाच्या बाजारात ती ताराबरोबर मिरच्या घ्यायला गेली होती. तारा भाव करत मागे राहिली. वळणावर काजूच्या बियांचे ढीग मांडून बायका बसल्या होत्या, आणि त्यांत शेवंती होती. देवकीने वाट बदलायच्या आत शेवंतीने तिला पाहिले आणि हात केला.

म्हातारी कार्तिकात गेली, तिने सांगितले. तिचे दिवस करून तो गेला तो पुन्हा आला नाही, शिगम्यालाही नाही. घर आणि बागायत ती एकटी सांभाळते. बोलताना ती बियांवरची धूळ पदराने पुसत होती. मग तिला आठवले.

"तुजी कादंबरी झाली?"

झाली, देवकी म्हणाली.

"त्याची?"

"हो. थोडीफार."

"नि म्हजा काय केलंस त्यात?"

बाजारात कमालीचा गलका होता. देवकीला वाटले, ऐकूच आले नाही असे दाखवावे. पण शेवंती मान वर करून, उन्हाने डोळे बारीक करून वाट बघत होती.

"तू जिवंत आहेस त्यात," देवकी म्हणाली. "शेवटी तूच जिंकतेस."

शेवंती हसली. त्या अंगणात ती एकदाही हसली नव्हती. शेजारच्या बाईला तिने कोपराने ढोसले आणि सांगितले की ही मास्तरीण बुके लिहिते. मग म्हणाली, शेजाऱ्यांची पोर हायस्कुलात जाते, तिच्याकडून वाचून घेईन. वाचनालयात मागायला सांगते. पुस्तकाचे नाव काय?

देवकीने एक नाव सांगितले. त्या नावाचे पुस्तक तिने लिहिलेले नव्हते, कुणीही लिहिलेले नव्हते. शेवंतीने ते दोनदा म्हणून पाहिले, विसरायला नको म्हणून.